एसएपी सॅफायरला ब्लॉगर म्हणून जाताना

एंटरप्राइझ सॉफ्टवेअरवर नेटाने आणि नेमकं लिहीत राहिलं, की कधीतरी कंपनीच्या जनसंपर्क विभागाची मेल येते. वार्षिक परिषदेला या, विमानाचं तिकीट आणि हॉटेल आम्ही बघतो. कंपन्यांचे व्यवहार चालवणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एसएपी या जर्मन कंपनीच्या बाबतीत ही परिषद म्हणजे सॅफायर. ती साधारण मे-जूनमध्ये ऑरलँडोच्या ऑरेंज काउंटी कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरते. युरोपातलं सत्र वेगळं असतं, २०२५ मध्ये ते माद्रिदला झालं. डेव्हलपरांसाठीची टेकएड २०२३ मध्ये बेंगळुरूला आणि २०२५ मध्ये बर्लिनला झाली.

निमंत्रण आल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो हा: आपण कोणासाठी जातोय? माझ्या लेखी उत्तर स्पष्ट आहे. चाकणच्या किंवा वाळूजच्या एखाद्या कारखान्यात ईसीसी (खरेदी, विक्री, हिशेब चालवणारी एसएपीची जुनी सिस्टिम) सांभाळणारा आयटी मॅनेजर ऑरलँडोला जाऊ शकत नाही. त्याच्या सिस्टिमचा मेन्स्ट्रीम मेन्टेनन्स (एसएपीकडून मिळणारी नेहमीची देखभाल) २०२७ च्या अखेरीला संपतो. जास्तीचे पैसे भरून तो २०३० च्या अखेरपर्यंत लांबवता येतो, तोही ती सिस्टिम एन्हान्समेंट पॅक (ईसीसीवर चढवायचा सुधारणांचा संच) ६ ते ८ वर असेल तरच. त्याच्या खालच्या पॅकचा मेन्टेनन्स २०२५ च्या अखेरीलाच संपला. या माणसाला पुढच्या बजेटमध्ये कशासाठी पैसे मागायचे हे ठरवायचं असतं. त्याने तिथे उभं राहून जे विचारलं असतं, ते त्याच्या वतीने विचारून यायचं.

निघण्याआधी

सगळ्यात जास्त गोंधळ व्हिसाचा होतो. परिषदेला जायचं म्हणजे बी-१ (व्यावसायिक भेटीचा) व्हिसा पुरेल, असं बहुतेकांना वाटतं. पण अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या नियमानुसार बी-१ वर परिषदेला सहभागी म्हणून जाता येतं ते तिथलं वार्तांकन करणार नसाल तरच. तिथे असताना नाही आणि परतल्यावरही नाही. लिहिण्यासाठीच बोलावलं असेल तर प्रसारमाध्यमांसाठीचा आय व्हिसा लागू होतो का, हे आधी तपासा. निर्णय कॉन्सुलेटच्या अधिकाऱ्याचा असतो, म्हणून डीएस-१६० या व्हिसा अर्जाच्या फॉर्ममध्ये जाण्याचं खरं कारण लिहा आणि आयोजकांकडून तसंच पत्र घ्या. तुम्हाला कोणत्या भूमिकेत बोलावलंय, तारखा काय, खर्च कोण करतंय, हे तिन्ही त्या पत्रात हवं. नुसतं 'अटेंडी' असं छापलेलं पत्र आलं तर परत पाठवून दुरुस्त करून मागा. मुंबईत मुलाखतीची तारीख लवकर मिळेलच असं नाही, तेव्हा निमंत्रण स्वीकारलं त्याच दिवशी हे काम हातात घ्या.

हॉटेलची खोली कंपनीच्या खात्यावर असते, तरी चेक-इनच्या वेळी किरकोळ खर्चासाठी तुमचं कार्ड मागतात आणि त्यावर रक्कम अडकवून ठेवतात. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिलं तर ते पैसे चेक-आउटनंतरही काही दिवस अडकलेले राहतात. म्हणून तिथे क्रेडिट कार्डच द्या, आणि बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार निघण्याआधी सुरू करून ठेवा.

बोलावणारी कंपनी भारतातली असेल तर करही बघावा लागतो. १ जुलै २०२२ पासून, व्यवसायाच्या संदर्भात वर्षभरात २०,००० रुपयांहून जास्त मोलाचा लाभ दिला तर देणाऱ्याला १० टक्के टीडीएस कापावा किंवा भरावा लागतो. ब्लॉग हा तुमच्या व्यवसायाचा भाग असेल तर फुकट प्रवास आणि मुक्काम यात बसतो का, हे आपल्या सीएला आधी विचारा. मार्चमध्ये कापलेल्या कराचं विवरण उघडून बघताना ही नोंद पहिल्यांदा दिसू नये.

खर्च कोणी केला हे लेखात सांगायचं, त्यात चर्चेला जागा नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये ब्लॉगरांना या नियमात स्पष्टपणे आणलं. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने इन्फ्लुएन्सरांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ मध्ये लागू केली. हे वाक्य लेखाच्या तळाशी बारीक अक्षरात टाकू नका, पहिल्या परिच्छेदाच्या वरच असू द्या: 'विमानप्रवास आणि हॉटेलचा खर्च एसएपीने केला. मजकूर प्रकाशनापूर्वी त्यांना दाखवलेला नाही.' दुसरं वाक्य खरं राहावं यासाठी निमंत्रण स्वीकारतानाच मेलमध्ये लिहून टाका, की मजकूर आधी दाखवणार नाही. सरळ काम करणारा जनसंपर्क विभाग याला हरकत घेत नाही.

काय छापायचं, कधी छापायचं

परिषदेच्या आधी एक-दोन दिवस घोषणांची प्रसिद्धिपत्रकं येतात, एम्बार्गो लावून. एम्बार्गो म्हणजे ठरलेल्या वेळेपर्यंत थांबायचं, नंतर सगळं खुलं. एनडीए म्हणजे छापायचंच नाही. 'बॅकग्राउंड' म्हणजे माहिती वापरा, नाव देऊ नका. पण याचा अर्थ प्रत्येक कंपनीत थोडा वेगळा लावतात, म्हणून नेमकं काय चालेल ते विचारून घ्या. विश्लेषकांच्या सत्रात कधीकधी ब्लॉगरांनाही बसवतात आणि तिथली निम्मी माहिती एनडीएखाली असते. वहीत प्रत्येक पानाच्या डोक्यावर त्या सत्राची अट लिहा. तीन दिवसांनी थकल्या डोक्याने कोणतं वाक्य कुठे ऐकलं हे आठवत नाही, आणि नको ते वाक्य छापलं जातं ते अशाच वेळी.

एम्बार्गो सकाळी ९ ला सुटत असेल तर ती ऑरलँडोची वेळ असते. मे महिन्यात तेव्हा भारतात संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. पोस्ट शेड्यूल करताना ब्लॉगचा टाइम झोन कोणता आहे ते तपासा. तो भारताचा ठेवून नुसते ९ टाकले तर पोस्ट साडेनऊ तास आधी बाहेर पडते आणि पुढच्या वर्षी आगाऊ पत्रकं येणं बंद होतं.

आणखी एक कायदेशीर बाब. फ्लोरिडात खासगी संभाषण सगळ्यांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं गुन्हा आहे, कॅलिफोर्नियातही तसंच. फोन टेबलावर ठेवा, 'रेकॉर्ड करतोय, चालेल ना?' असं विचारा आणि तो होकार रेकॉर्डिंगमध्येच येऊ द्या. व्यासपीठावरच्या जाहीर भाषणांना ही अडचण नाही.

कीनोट

कीनोटसाठी, म्हणजे परिषदेच्या मुख्य भाषणासाठी, ब्लॉगरांना पुढच्या रांगा मिळतात, बहुतेक वेळा टेबल आणि प्लगसह. वाय-फाय कोलमडणार हे धरून चाला. हजारो माणसं एका दालनात बसली की हॉटस्पॉटही एकमेकांच्या आड येतात. मजकूर लॅपटॉपवरच लिहा, ब्राउझरमधल्या एडिटरमध्ये लिहू नका. प्लग अमेरिकन लागतो आणि वीज १२० व्होल्ट असते. हल्लीच्या लॅपटॉपच्या चार्जरला ती चालते, पण चार्जरवर १००–२४० असं छापलंय का ते एकदा बघा. बाहेर फ्लोरिडाचा उन्हाळा असला तरी आत एसीचा कडाका असतो, जॅकेट लागतंच.

कीनोटमध्ये ऐकण्यासारखं असतं, पण त्यातली जवळजवळ प्रत्येक बातमी पत्रकात आधीच असते. तिथे लक्ष द्यायचं ते क्रियापदांकडे. सुरुवातीला एक मजकूरभरली स्लाइड दोन सेकंद दिसते: यात भविष्याबद्दलची विधानं आहेत, त्यावर विसंबून खरेदीचा निर्णय घेऊ नये. तिच्या मागे अमेरिकेचा १९९५ चा रोखे-दाव्यांसंबंधीचा कायदा आहे. अशा इशाऱ्यासह केलेल्या भाकितांना त्यात संरक्षण मिळतं. त्या स्लाइडचा फोटो काढा. नंतर व्यासपीठावर जे 'आहे' म्हणून दाखवलं जातं, त्यातलं बरंचसं कागदावर 'नियोजित आहे' असतं.

एसएपीची पत्रकं याबाबतीत बऱ्यापैकी प्रामाणिक असतात, फक्त तळापर्यंत वाचावी लागतात. जूल हा एआय सहायक सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला. मथळे वाचून तो सगळीकडे आला असं वाटत होतं. पत्रकात क्रम होता: आधी सक्सेसफॅक्टर्स (मनुष्यबळ विभागाचं सॉफ्टवेअर) आणि एसएपी स्टार्ट (एसएपीच्या ॲप्सचं प्रवेशपान), त्याच वर्षी, आणि ईसीसीची जागा घेणाऱ्या एस/४हानाच्या क्लाउड पब्लिक एडिशनमध्ये पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला. ऑन-प्रिमाइस, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर, एस/४हाना वापरणाऱ्यासाठी त्या क्रमात जागाच नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बेंगळुरूच्या टेकएडमध्ये हाना क्लाउड या डेटाबेसचं व्हेक्टर इंजिन (एआयसाठी मजकूर अर्थानुसार शोधणारी सोय) जाहीर झालं, तेही २०२४ च्या पहिल्या तिमाहीसाठी. घोषणा खऱ्याच होत्या. वाचकाला हवी होती ती तारीख आणि एडिशन, आणि ती देणं ब्लॉगरचं काम होतं.

लायसन्सच्या घोषणांचा माग तर महिनोन्महिने ठेवावा लागतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने एसएपीने भरलेल्या दाव्यात डियाजिओ या मद्यकंपनीच्या विरोधात निकाल दिला. सेल्सफोर्स या दुसऱ्या कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर बांधलेल्या ॲप्समधून एसएपीचा डेटा वापरला म्हणून लायसन्स लागतं, असा तो निकाल, आणि एसएपीची मागणी होती ५.४५ कोटी पौंडांची. त्याच मे महिन्यात सॅफायरच्या व्यासपीठावरून तेव्हाचे सीईओ बिल मॅकडरमॉट यांनी इनडायरेक्ट ॲक्सेसचे (दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून एसएपी वापरण्याचे) दर बदलत असल्याचं सांगितलं आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पण डॉक्युमेंट मोजून पैसे घेण्याची पूर्ण पद्धत आली एप्रिल २०१८ मध्ये: नऊ प्रकारची डॉक्युमेंट्स, त्यातली मटेरियल आणि फायनान्शियल डॉक्युमेंट्स ०.२ ने गुणायची, बाकीची १ ने. ज्यांच्या एमईएस (कारखान्यातल्या उत्पादनावर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) किंवा डीलर पोर्टलवरून एसएपीत ऑर्डरी पडतात, त्यांचं बिल या आकड्यांवर ठरतं, टाळ्यांवर नाही.

डेमोच्या स्टँडवर

खरा वेळ घालवायचा तो प्रदर्शनाच्या दालनात. तिथे उत्पादनावर प्रत्यक्ष काम करणारी माणसं उभी असतात आणि त्यांना विषयाचं बोलायला आवडतं. पहिल्या दिवशी दुपारी गर्दी असते, शेवटच्या दिवशी दालन बंद होण्याआधीच्या दोन तासांत ती ओसरते. त्या वेळी जा.

प्रत्येक डेमो ठरलेल्या वाटेवरून जातो. सेल्स ऑर्डर तयार होते, एआय सूचना देतो, डिलिव्हरी होते, सगळं हिरवं दिसतं. ते पूर्ण बघा आणि मग वाट बदलायला सांगा. हीच ऑर्डर रद्द करून दाखवा. माल अर्धाच परत आला तर क्रेडिट मेमो कसा होतो? चलन रुपया करा, कंपनी कोड भारताचा घ्या, जीएसटी कुठे दिसतो? ई-इनव्हॉइसचा आयआरएन (सरकारी पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक) इथेच येतो का वेगळ्या ॲपमध्ये जावं लागतं? भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्या वाचकांपैकी जवळजवळ सगळ्यांचा आहे. 'या डेमो सिस्टिममध्ये ते नाही' असं उत्तर आलं तर ते उत्तरही लिहून घ्या आणि माहिती कोणाकडे मिळेल ते विचारा.

मग एक छोटी गोष्ट करायला सांगा. फिओरी (एसएपीच्या ब्राउझरमधल्या स्क्रीन्स) ॲप उघडं असताना वरच्या कोपऱ्यातल्या युजरच्या चिन्हावर क्लिक, त्यात 'अबाउट'. तिथे ॲपचा आयडी दिसतो, बहुधा एफ अक्षर आणि पुढे आकडे. तो टिपून घ्या. खोलीवर परतल्यावर एसएपीच्या फिओरी ॲप्स रेफरन्स लायब्ररीत तो टाका. ॲप कोणत्या एडिशनसाठी आहे, कोणत्या रिलीझपासून आहे, कोणता बिझनेस रोल लागतो, सगळं कळतं. लायब्ररी सगळ्यांना खुली आहे. आयडी दिसलाच नाही, किंवा लायब्ररीत सापडला नाही, तर समोर होतं ते बहुधा प्रोटोटाइप किंवा अजून रिलीझ न झालेलं काहीतरी. चकचकीत स्क्रीनशॉटपेक्षा हा एक आयडी वाचकाच्या जास्त उपयोगाचा.

तसंच दुसरं ठिकाण म्हणजे एसएपीच्या साइटवरचं रोडमॅप एक्सप्लोरर. उत्पादन निवडलं की कोणती सुविधा कोणत्या तिमाहीत येणार ते दिसतं. निघण्याआधी आपल्या विषयाच्या पानांचे तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा, परिषद संपल्यावर पुन्हा काढा. दोन्ही शेजारी ठेवले की काय पुढे ढकललं गेलं ते दिसतं. पुढे ढकलल्याची घोषणा व्यासपीठावरून कोणी करत नाही.

ग्राहकांची सत्रं

ऑरलँडोला सॅफायरच्या जोडीनेच असग या अमेरिकेतल्या युजर ग्रुपची वार्षिक परिषद असते. ती सत्रं ग्राहक घेतात, लहान खोल्यांत, आणि पूर्ण परिषदेतलं सगळ्यात भरीव तेच असतं. वेळापत्रक आखताना आधी ही सत्रं पक्की करा, मग उरलेल्या जागेत मुलाखती बसवा. जनसंपर्क विभाग उलट क्रमाने आखून देतो.

समजा स्लाइडवर लिहिलंय: 'नऊ महिन्यांत एस/४हाना लाइव्ह.' या एका ओळीतून काहीच कळत नाही. नऊ महिने कधीपासून मोजले? प्रकल्पाच्या किक-ऑफपासून, का त्याआधीची डेटा सफाई धरून? कन्व्हर्जन केलं, म्हणजे जुनी सिस्टिमच बदलून घेतली, का नव्याने उभारलं? डेटाबेस केवढा होता? झेड प्रोग्राम (कंपनीने स्वतः लिहून घेतलेले) किती होते आणि त्यातले किती टाकून दिले? डाउनटाइम किती तास झाला, साध्या पद्धतीने का सिस्टिम कमी वेळ बंद ठेवणाऱ्या डाउनटाइम-ऑप्टिमाइझ्ड कन्व्हर्जनने? त्याआधी मॉक कटओव्हर (नव्या सिस्टिमवर जाण्याच्या रंगीत तालमी) किती केले? लाइव्ह झालं ते किती प्लांटमध्ये, आणि उरलेले कधी?

सगळ्यात जास्त शिकवणारं उत्तर 'बिझनेस पार्टनरला किती वेळ लागला?' या प्रश्नाला मिळतं. एस/४हानामध्ये कस्टमर आणि व्हेंडर वेगळे राहत नाहीत, दोघांचे बिझनेस पार्टनर करावे लागतात, तेही कन्व्हर्जनच्या आधी ईसीसीमध्येच. आणि वीस वर्षांच्या मास्टर डेटात काय नसतं! तोच व्हेंडर तीन नावांनी, पिनकोडच्या जागी शून्यं, टॅक्स नंबरमध्ये एक अक्षर कमी, ईमेलच्या रकान्यात फोन नंबर. जुन्या नोंदींचे बिझनेस पार्टनर करणारं सिंक्रोनायझेशन या प्रत्येक नोंदीवर एरर देऊन अडतं. दुरुस्ती खरेदी आणि विक्री विभागालाच करावी लागते, आयटीला ती परस्पर करता येत नाही. प्रकल्पाचे महिने इथे जातात. सत्रात बोलणाऱ्या ग्राहकाला हे विचारलं की तो मोकळेपणाने सांगतो, कारण त्या दुखण्यातून तो नुकताच बाहेर आलेला असतो.

प्रश्नोत्तरांत हात वर करा, पण महत्त्वाचा प्रश्न सत्र संपल्यावर व्यासपीठापाशी जाऊन विचारा. सुरुवातीलाच सांगा की तुम्ही लिहिता. नाव छापायला त्याच्या कंपनीची परवानगी लागते, ती बहुधा मिळत नाही. 'वाहनांचे भाग बनवणारी मध्यम कंपनी' एवढं चालेल का, हे विचारून घ्या.

अर्ध्या तासाची मुलाखत

उपाध्यक्षापेक्षा प्रॉडक्ट मॅनेजर मागा. मोठ्या पदाचा माणूस धोरण सांगतो आणि ते कीनोटमध्ये झालेलं असतं. स्लाइड्स आदल्या दिवशी मेलवर मागवा, नाहीतर तीसपैकी वीस मिनिटं त्यातच जातात. शेजारी जनसंपर्काची व्यक्ती बसते आणि वेळ बघते.

तथ्याचे प्रश्न आधी संपवा: आज उपलब्ध आहे का, कोणत्या रिलीझमध्ये, कोणत्या एडिशनमध्ये, मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आहे का, लाइव्ह ग्राहक किती? 'घेतलेले' आणि 'लाइव्ह' हे आकडे वेगळे असतात, दोन्ही मागा. मग पैशाचे: सध्याच्या सबस्क्रिप्शनमध्ये धरलेलं आहे का वेगळं मोजणार? एआयच्या बाबतीत हे हमखास विचारा, कारण काही सुविधा मूळ सबस्क्रिप्शनमध्ये येतात आणि प्रीमियम म्हटलेल्यांसाठी एआय युनिट्स विकत घ्यावी लागतात.

आणि एक प्रश्न टाळू नका: हे ऑन-प्रिमाइस ग्राहकाला मिळणार का? जुलै २०२३ मध्ये सीईओ ख्रिश्चन क्लाइन यांनी सांगितलं, की नवी सुधारणा, एआयसह, क्लाउडवर राइझ किंवा ग्रो (एसएपीची क्लाउडची पॅकेजं) घेणाऱ्यांनाच मिळेल. जर्मन भाषिक युजर ग्रुप डीएसएजीने त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. ज्यांनी नुकतेच कोट्यवधी खर्चून स्वतःच्या सर्व्हरवर एस/४हाना उभारलंय, त्यांच्यासाठी हा कळीचा मुद्दा आहे, आणि उत्तर दर उत्पादनागणिक वेगळं असू शकतं. उत्तर मिळालं की आपल्या शब्दांत मोठ्याने परत म्हणा, 'म्हणजे क्लाउडच्या प्रायव्हेट एडिशनला आहे, ऑन-प्रिमाइसला नाही, बरोबर?' गैरसमज असेल तर तिथेच निघतो.

लिखाणाची विभागणी साधी ठेवा. त्या रात्री छोटी पोस्ट: काय जाहीर झालं, त्यातलं आज काय मिळतं, बाकीचं कोणत्या तिमाहीत. आठवड्याभरात मोठी पोस्ट: ग्राहकांच्या सत्रांतले आकडे, डेमोत काय चाललं आणि कशाचं उत्तर मिळालं नाही. ज्या प्रश्नांवर 'मेलवर कळवतो' असं उत्तर आलं, ते प्रश्न नाव न घेता पोस्टमध्ये यादीसारखे ठेवा आणि उत्तर येईल तसं तारीख टाकून खाली भरा. डिसेंबरमध्ये रोडमॅपचे स्क्रीनशॉट तिसऱ्यांदा काढा आणि त्याच पोस्टच्या वर एक ओळ जोडा: यातलं काय आलं, काय पुढे गेलं. आयटी मॅनेजर पुढच्या आर्थिक वर्षाचं बजेट मांडतो ते साधारण जानेवारीत, तोवर ती ओळ तिथे असायला हवी.